शिंपिणीकडे एक डाव थांबा

९ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद मनातल्या मनात दिलेत, ते लिहून कागद संपवत नाही. कागद खाकी आहे, माझ्या शिवणकामातला. चांगला कागद आणायला जिना उतरावा लागतो.

पत्र बघून तुला वाटेल म्हातारी अंथरुणाला खिळली. नाही खिळले. दात तेवढे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. चौदा महिन्यांत तुला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा माझं ‘अगं’ पुरं व्हायच्या आत तू ठेवून दिलास. पत्राचं तसं नाही. फाडायचं म्हटलं तरी हातात घ्यावं लागतं. पत्ता तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं दिला, तिच्यावर डाफरू नकोस. तिचा कोट फुकटात सैल करून दिला तेव्हा कुठं तोंड उघडलं तिनं. म्हणाली, तू गोदामात खोकी मोजायच्या कामाला आहेस. मी विचारलं, नवे खेळ काढते का अजून? म्हणाली, नाही. मग मी कोटाची घडी घालत बसले.

कामाचं सांगते. मापांची जुनी वही उघडली होती. शेवटच्या पानावर तुझं चित्र सापडलं. टेबल आहे. चार पाय, वर फळी, फळीला चहूबाजूंनी उभी कड, म्हणजे फासे कपाटाखाली पळणार नाहीत. बाण काढून आकडे टाकलेत. आणि कोपऱ्यात माझं माप. ‘आजी, खुर्चीत बसून, जमीन ते गुडघा, वीस इंच. पाय नीट आत जायला हवेत.’ साठ वर्षं मी लोकांची मापं घेतली, माझं कुणी घेतलं नव्हतं. कधी घेतलंस? मी मशीनवर असताना पायाशी बसून सांडलेली बटणं वेचत होतीस तेव्हाच ना? लबाड कुठली.

गुडघे वळेनासे झाले आणि तुझ्या खेळाला मी जमिनीवर बसेना, तेव्हा तू म्हणाली होतीस, आजी, आपण खेळायचं टेबल करू. मी म्हटलं होतं, टेबलावर जेवतात नाहीतर कापतात, खेळतात कुठं.

तर ते टेबल मी करणार आहे. हसून घे. कापड घसरतं, आटतं, ओढलं की तिरकं होतं. लाकूड ठेवलं तिथं राहतं. अवघड होतं ते जन्मभर केलं, आता सोपं करून बघते.

तुझ्या खेळाच्या पटाचं, त्या पुठ्ठ्याचं म्हणशील तर ते मी तेव्हाच सांगितलंय. रद्दीवाला वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर घेऊन गेला. तो विषय संपला.

आजी

२८ जानेवारी

भिंगरे,

उत्तर नाही. नसू दे. टपालवाल्याला गाठून विचारलं, तो म्हणाला, “पोचलं असेल, आजी.” म्हटलं, ‘असेल’ मी घरी बसूनही म्हणू शकते, तुझं काम ‘पोचलं’ म्हणायचं आहे. तेव्हापासून तो आमच्या दाराशी सायकल हळू करत नाही.

मागच्या गल्लीतला सुतार आठवतो का? डाव्या हाताला साडेतीन बोटं असलेला, खुर्च्या दुरुस्त करतो तो. त्याच्याकडे गेले. म्हटलं, मला टेबल करायला शिकव.

“करून देतो की मावशी, शिकता कशाला?”

“करून घ्यायचं असतं तर शिकव कशाला म्हटलं असतं?”

“वय काय तुमचं?”

“तू तुझी बोटं मोज आणि करवत दे.”

त्यानंतर आमचं जमलं. करवत दिली, आणि कोपरा काटकोनात आहे का बघायचा तो लोखंडी गुण्या दिला. पहिले चार दिवस नुसती सरळ रेघ कापायला लावली. रेघ मारायला मला कुणी शिकवायला नको, पण करवत म्हणजे कात्री नाही बाई. ती पुढं जाताना कापते, मागं येताना नुसती येते. मी दोन्ही वेळा जोर लावत होते. दंड भरून आले. तो बाजूला उभा राहून विडी ओढत म्हणाला, “मावशी, येताना सोडा तिला. येताना कशाला ओढता?” सोडल्यावर रेघ सरळ आली.

लाकूड विकत आणलं नाही. माझं कापायचं टेबल मोडलं.

हो, तेच. आता गिऱ्हाईक येतं ते चेन बदलायला नाहीतर उसवायला. त्याला मांडी पुरते. सुतार म्हणाला, फळ्या पन्नास वर्षांच्या मुरलेल्या आहेत, असं लाकूड आता मिळत नाही. मग म्हटलं चल, लाव पहार. खिळे निघताना असे किंचाळले की शेजारीण दारात आली. तिला वाटलं मी पडले. पडले नाही बघून जरा हिरमुसलीच.

फळीच्या खालच्या बाजूला तुझ्या आईनं खिळ्यानं कोरलेलं जनावर निघालं. टेबलाखाली बसून कोरलं असणार, मला पत्ताच नव्हता. घोडा आहे की गाढव कळत नाही, पाय तिला कधी काढता आलेच नाहीत. ती फळी वर घेणार आहे, जनावराची बाजू खालीच राहील. खाली वाकून बघणाऱ्याला दिसेल.

आजी

२२ फेब्रुवारी

भिंगरे,

माझी फजिती झाली आहे. दुसरं कुणी सांगण्याआधी मीच सांगते. तसं तुला सांगणारं आहे कोण म्हणा.

तुझ्या चित्रावरून एकेक तुकडा मापला, कापला, रंध्यानं साफ केला. आठ दिवस घरभर भुसा. चहात भुसा, चष्म्यावर भुसा. सगळं कापून झाल्यावर नुसतं उभं करून बघितलं. खुर्ची ओढून बसले, तर फळी माझ्या छातीला. पहिलीतलं पोर मास्तरांच्या खुर्चीत बसावं तशी दिसत होते.

सुताराला बोलावलं. त्यानं पट्टी लावली. पुन्हा लावली. डोकं खाजवलं.

“मावशी, पाय दोन इंच जास्त. आडव्या पट्ट्या दोन इंच जास्त. फळी दोन इंच जास्त. चूक सगळे करतात, पण इतकी एकसारखी चूक मी जन्मात बघितली नाही. केलंत काय तुम्ही?”

मी माझ्याच हाताकडे बघत राहिले. मग उजेड पडला. कापड कापताना शिवणीत दाबायला या बाजूला एक इंच, त्या बाजूला एक इंच जादा सोडायचा असतो. त्याला माया म्हणतात, लहानपणी तू मायेची कात्रणं वेचायचीस. माझा हात ती सोडून मोकळा झाला होता, मला न विचारता.

सुतार हसत हसत खालीच बसला. “लाकूड आत दुमडत नाहीत हो मावशी!”

“जादा ठेवलं की उद्या पोर वाढलं तर उसवून मोठं करता येतं.”

“टेबल वाढत नाही!”

“तुला काय ठाऊक, तू उसवलंयस कधी?”

पाय कापून बरोबर केले, नाहीतर माझे गुडघे आत गेले तरी हात वर पोचले नसते. बाकीचं राहू दिलं. आता टेबल तुझ्या चित्रापेक्षा लांबीला दोन इंच आणि रुंदीला दोन इंच मोठं होईल. तुझा पट मधोमध ठेवला तर चहूबाजूंनी बोटभर जागा उरेल, चहाचा डाग पडायचा नाही त्यावर.

पट नाहीच म्हणा. कुठलाही ठेवला तरी, असं मला म्हणायचं होतं.

आजी

१७ मार्च

भिंगरे,

सांधे गोंदानं जोडले. गोंद धरेपर्यंत वर वजन ठेवायचं असतं. सुताराकडे त्यासाठी लोखंडी शिकंजे आहेत, पण ते त्याच्या कामात अडकलेले. मी माझ्या दोन्ही इस्त्र्या ठेवल्या, मशीनचं मुंडकं ठेवलं, आणि एका कोपऱ्यावर मी स्वतः बसून राहिले. दुपारचे तीन तास. उठले तर सांधा सरकेल म्हणून दाराची कडी वाजली तरी उठले नाही. दारावर कोण होतं कळलं नाही. टपालवाला असता तर काहीतरी सरकवून गेला असता. उठल्यावर बघितलं, दाराखाली काही नव्हतं.

बसल्या बसल्या बटणांचा डबा मांडीवर घेतला. तुझं लाल बटण काढलं, माझं कोटाचं चार भोकांचं काढलं. पट नसताना तोंडीच खेळले. दुकानं बंद व्हायच्या आत घरी पोचायचं, हा खेळ तूच काढलेला, नियम तुझेच. फासा टाकला, चार पडले. दूधवाला, शाळा, पूल, शिंपीण. त्या घरावर तू लिहिलं होतंस, ‘शिंपिणीकडे एक डाव थांबा.’ मी म्हटलं होतं, माझ्याचकडे का थांबायचं? तू म्हणालीस, “कारण तुझं काम कधी वेळेवर झालंय का आजी?” सात वर्षांची तू बिनआईची माझ्याकडे आलीस तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि अकराव्या वर्षी हे बोललीस. मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी हरवायला बसले आणि हरले.

एकटीनं खेळण्यात राम नाही. लाल बटणाची पाळी आली की फासा मीच टाकायचा, आणि सहा पडले तर माझ्याच पोटात दुखायचं.

हल्ली बसायची खुर्ची फिरवून घेतली आहे. मशीनमागच्या भिंतीवर खिळ्याला फर्मे टांगलेत ना, कापडावर ठेवून कापायचे ते पुठ्ठ्याचे नमुने, त्यांच्याकडे तोंड नको म्हणून. डोळ्यांवर उजेड येतो तिकडून.

तिकडून उजेड येत नाही. खिडकी या बाजूला आहे, तुला माहीत आहे. असो.

आजी

५ एप्रिल

भिंगरे,

टेबल उभं आहे. पॉलिश पेपरनं घासून हाताचे ठसे गुळगुळीत झाले माझे. दोन हात व्हार्निश दिलं. कड लावली. तू काढली होतीस तेवढीच, बोटाच्या दोन पेरांइतकी. कोपऱ्यात एके ठिकाणी फट राहिली आहे, पोस्टकार्ड जाईल एवढी. तिकडे बघायचं नाही.

डुगडुगत होतं. सुतार म्हणाला, एक पाय तासू. मी म्हटलं, तासलास की दुसरा लांब होईल, मग तो तासशील, असं करत पाटावर येईल. जमीनच वाकडी आहे या घराची, टेबलाचा काय दोष. एका पायाखाली बटण चिकटवलं. हलून दाखव म्हणावं आता.

सुतार खूश होता. म्हणाला, “मावशी, पहिलं काम वाटत नाही. दुसरं वाटतं.” त्याची तारीफ एवढीच असते. मग समोरची खुर्ची ओढून टेकायला लागला. मी म्हटलं, तिथं नको, ती दुसऱ्याची आहे. तो उभाच राहिला, चहा उभ्यानं प्यायला.

“कुणासाठी केलंत एवढं?”

“नातीसाठी.”

“येणार आहे का ती?”

“तिला विचार.”

“तुम्ही विचारलंत?”

मी कपबशी उचलून विसळायला गेले. एकदा विसळून स्वच्छ झाला, तरी पुन्हा विसळला. परत आले तर तो गेला होता, गुण्या टेबलावर ठेवून. म्हणजे तो मला दिला बहुतेक.

आजवर चार पत्रं लिहिली, भुसा, गोंद, करवत, सगळं लिहिलं, ते एक विचारलंच नाही. म्हणून विचारते. येतेस का?

आजी

२६ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. पाठ झालंय, एवढुसं तर आहे. ‘आजी, सगळी पत्रं मिळाली. शिवणीचं वाचून गोदामात मोठ्यानं हसले, सगळे बघायला लागले. रद्दीवाल्यानं चूक केली आणि मी तुला नको नको ते बोलले, जाताना पाया पडले नाही. चुकलं माझं. अकरा मेला येते, चार दिवस राहीन. बटणांचा डबा काढून ठेव.’

पाच दिवस मी गप्प बसले. सहावा दिवसही गप्प बसले असते, आणि असंच अकरा मेपर्यंत, तर तू आली असतीस. समोरच्या खुर्चीत बसली असतीस. मी जिंकू दिलं असतं तुला एखादा डाव. मला एवढंच करायचं होतं, गप्प बसायचं. ते मला चांगलं येतं.

पण तू माझी माफी मागितलीस. ती मी घेऊ शकत नाही. माझ्या मापाची नाही ती.

रद्दीवाल्यानं काही नेलं नाही. पट मी कापला.

तू तिकीट काढायला गेली होतीस त्या सकाळी. खेळ तयार करणाऱ्या कंपनीनं तुला बोलावलं होतं, पट घेऊन ये म्हणून. मी सरळ हिशेब केला. पट नाही तर ते घेणार नाहीत, घेतलं नाही तर तू इथंच राहशील. पट कापायच्या टेबलावर पसरला. लहान मुलाच्या शर्टाचे कागदी नमुने त्यावर ठेवले, खडूनं आखले, आणि कापलं. शर्टाचे नमुने का? कारण सापडले असते तर म्हणणार होते, मला वाटलं कोरा पुठ्ठा आहे, मी अडाणी बाई. आधी खोटं शिवून तयार केलं, मग कात्री उचलली. डोळे ठीक होते, चष्मा लावलेला होता. हात जराही हलला नाही.

तू परत आलीस, शोधायला लागलीस. तुझं तोंड बघून ते शिवलेलं खोटंही घालता आलं नाही मला, त्यातही कापल्याची कबुली होती. तोंडातून निघालं, रद्दीवाला. आणि तू दोन दिवस त्याच्यामागं गल्लोगल्ली फिरलीस, त्याचे गठ्ठे रस्त्यावर सोडवलेस, त्याला चोर म्हणालीस. घामेजून घरी यायचीस, आणि मी तुला चहा करून द्यायचे. साखर जास्त घालून.

तरी तू गेलीसच. पट नसताना गेलीस, म्हणून खोकी मोजतेस. माझा हिशेब एवढाच बरोबर आला.

रद्दीवाल्याला काल गाठलं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत शिरत नव्हता, मी चौकापर्यंत गेले. खरं ते सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. म्हणाला, “म्हातारे, मला माझ्या बायकोनंसुद्धा विचारलं होतं, खरं सांग, नेलंस का. तिला येऊन सांग.” गेले. दोन जिने चढून गेले. तिनं मला पाणी दिलं नाही. बरोबर केलं तिनं.

आता उरलेलं. तुकडे मी फेकले नव्हते. मशीनमागच्या खिळ्यावर टांगून ठेवले होते, बाकीच्या फर्म्यांच्या मागं, चित्राची बाजू भिंतीकडे करून. तू शेवटच्या दोन रात्री त्या भिंतीला पाठ लावून बसली होतीस. एकही शर्ट मी त्यांच्यावरून कापला नाही. सहा आहेत. दोन बाह्या, दोन पुढचे भाग, पाठ, आणि कॉलर. आज उतरवले आणि टेबलावर जुळवून मांडले. मधल्या पट्ट्या गेल्या, त्या मात्र कात्रणांबरोबर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका रद्दीवाल्यानं नेल्या, म्हणजे तेवढं नंतर खरं झालं. पूल अर्धा आहे. शाळा नाही. दुधाच्या गाडीला घोडा नाही. शिंपिणीचं घर बाहीच्या गोलाईत अख्खं राहिलंय. दया आली म्हणून वगैरे नाही, कात्री तिथं वळते.

तुकडे जुळवले तर मधे मधे लाकूड दिसतं. चिकटवलेले नाहीत. काय चिकटवायचं आणि काय नव्यानं काढायचं ते माझं काम नाही, आणि ते कुणाला विचारायचंही तोंड मला नाही.

अकरा मेला येते म्हणालीस, ते हे वाचायच्या आधी म्हणालीस. ते मी धरत नाही. तुला बांधून घेत नाही. नाही आलीस तर तुकडे मागव, नीट गुंडाळून पाठवीन, दुमडणार नाही. टेबल इथं राहील. सुताराला मी अजूनही त्या खुर्चीत बसू देत नाही.

बटणांचा डबा काढलाय. तुझं लाल बटण कडेला टेकवून ठेवलंय, पटाच्या बाहेर. माझं कोटाचं शिंपिणीच्या घरावर. नियम तुझाच आहे, तिथं आलं की एक डाव थांबायचं.

फासा तुझ्या बाजूला ठेवलाय.

आजी